शुद्ध बोलायला गेलो!

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेतले माझे भाषण ज्यांनी ऐकले, त्यांना ते एका शब्दामुळे अजून आठवत असेल. भाषणाचा विषय कोणाच्या लक्षात नसेल. खरे सांगायचे तर आता माझ्याही नाही. प्रथम वर्षाचा विद्यार्थी, पहिलेच व्यासपीठ, अंगात चुलतभावाचा इस्त्री केलेला सदरा. ‘सन्माननीय अध्यक्ष, परीक्षक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो’ इथपर्यंत गाडी ठीक चालली होती. पुढे मी आदल्या वर्षीच्या विजेत्यांचे ‘मणःपूर्वक अभिणंदण’ केले आणि मागच्या बाकांवरून जो हशा उठला तो माझे भाषण संपेपर्यंत पुरला. पुढे दोन महिने वसतिगृहात माझे नावच ‘अभिणंदण’ पडले होते.

त्या हशाचे मला वाईट वाटले त्याहून अधिक नवल वाटले. चूक होऊ नये म्हणून मी जेवढी खटपट केली होती तेवढी त्या सभागृहात क्वचितच कोणी केली असेल. तीन रात्री जागून भाषण वहीत उतरवले होते आणि प्रत्येक ‘ण’ला लाल शाईने गोल केला होता. आमच्या बीड जिल्ह्यातल्या खेड्यात लोक ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन’, ‘आनी’ म्हणतात आणि ते अशुद्ध आहे, हे शाळेत छडीच्या साक्षीने शिकलो होतो. व्यासपीठावर वही हातात नव्हती. पाय लटपटत होते. अशा वेळी मनाने एक सोपा नियम धरला : जिथे शंका येईल तिथे ‘ण’ म्हणावे. नियम काटेकोर पाळला आणि फसलो.

यंदा मराठीच्या तासाला आमच्या सरांनी भाषाविज्ञानाची तोंडओळख करून देताना ‘हायपरकरेक्शन’ हा शब्द फळ्यावर लिहिला. मराठीत त्याला अतिशुद्धी म्हणू या. अशुद्ध ठरू नये या धास्तीने माणूस एखादा नियम त्याच्या हद्दीबाहेर नेतो आणि जे मुळात बरोबर होते तेही बिघडवून ठेवतो, असा त्याचा अर्थ. सर समजावून सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे ते सभागृह उभे होते. तास संपल्यावर मी ग्रंथालयात गेलो. हा लेख त्यानंतरच्या वाचनातून आणि थोडाफार स्वतःच्या फजितीतून झाला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माझी आजी ‘अभिणंदण’ कधीच म्हणणार नाही. तिच्या तोंडी ‘ण’ नाहीच; पानी, मानूस, बहीन, कान, पान, सगळीकडे एकच ‘न’. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मराठी बोलली जाते ते मित्रही असे म्हणणार नाहीत, कारण कुठे ‘न’ आणि कुठे ‘ण’ हे त्यांना आईच्या मांडीवरच मिळालेले असते. चूक होते ती या दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाची. त्याला नियम कळलेला आहे, पण शब्दागणिक त्याची हद्द माहीत नाही. दोन वाटा एकत्र येतात तिथे कोणी चुकत नाही. एका वाटेला दोन फाटे फुटतात तिथे नवखा हमखास चुकतो. पुण्याच्या माणसाला आमची बोली बोलायची असेल तर प्रत्येक ‘ण’चा ‘न’ केला की झाले. आम्हांला प्रमाण मराठीत जायचे असेल तर प्रत्येक ‘न’पाशी थांबून विचारावे लागते, बाबा, तू यांतला कोणता?

आणि हे विचारून उत्तर सहज मिळत नाही. ‘माणूस’ म्हणावे, पण ‘मानव’ आणि ‘मनुष्य’ म्हणावे. ‘जण’ म्हणावे, पण ‘जनता’ म्हणावे. ‘पाणी’ म्हणावे, पण ‘पान’ म्हणावे. हे कोणी मुद्दाम आमची परीक्षा पाहण्यासाठी केलेले नाही. त्यामागे भाषेचा मोठा इतिहास आहे. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ‘न’ प्राकृतात ‘ण’ झाला आणि तो तसाच मराठीत आला. म्हणून पानीय याचे पाणी, भगिनी याचे बहीण, स्नान याचे न्हाण झाले. उलट जिथे संस्कृतात जोडाक्षर होते, तिथे प्राकृतात दुहेरी ‘ण्ण’ झाला आणि मराठीत येताना त्याचा ‘न’ झाला. कर्ण याचा कान, पर्ण याचे पान, सुवर्ण याचे सोने, चूर्ण याचा चुना, जीर्ण याचे जुने. फ्रेंच पंडित ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीचा अभ्यास केला, त्यात हा फेरबदल नोंदलेला आहे. म्हणजे जिथे मुळात ‘न’ होता तिथे आता ‘ण’ म्हणायचे आणि जिथे मुळात ‘ण’ होता तिथे ‘न’! शिवाय मानव, जीवन, वाचन, अभिनंदन असे शेकडो शब्द संस्कृतातून पुढे थेट उचललेले. त्यांना हा नियम लागू नाही. इतका गुंता सोडवून व्यासपीठावर उभे राहायचे, तेही चुलतभावाच्या सदऱ्यात.

‘स’ आणि ‘श’ यांचे दुखणे याच जातीचे. ‘साळा’ नव्हे ‘शाळा’, ‘सेत’ नव्हे ‘शेत’, ‘सनवार’ नव्हे ‘शनिवार’ हे घोकले की जीभ इतकी सावध होते की सरपंचाचा ‘शरपंच’ आणि सत्काराचा ‘शत्कार’ व्हायला वेळ लागत नाही. आमच्या गावच्या एका कार्यक्रमात हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आले होते आणि शरपंचांनी शत्कार आनंदाने स्वीकारला.

सर्वांत गमतीचा प्रकार ‘व’चा. आमच्याकडे विचाराला इचार, वेळेला येळ, विजेला ईज म्हणतात. त्याच न्यायाने आकाशातून जाणारे विमानही ‘इमान’ आणि धन्याशी राखायचे ते इमानही ‘इमान’. सातवीत असताना ‘माझे आजोबा’ या निबंधात मी मोठ्या काळजीने लिहिले होते, ‘आमचे आजोबा फार विमानदार होते.’ गुरुजींनी त्याखाली लाल रेघ मारली आणि बाजूला एक छोटेसे विमान काढले. आजोबांचा जन्म बैलगाडीत गेला. असो.

काही अतिशुद्धी जिभेला नव्हे तर ओठांना होते. फळ, फूल, फणस यांतला ‘फ’ मराठीत दोन्ही ओठ मिटून, ‘प’ला हकाराची जोड देऊन उच्चारतात. खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून उच्चारायचा ‘फ’ आपल्याकडे फी, फोटो, ऑफिस अशा परक्या शब्दांबरोबर आला. आता तोच सुधारलेला वाटू लागल्याने पुष्कळ सुशिक्षित माणसे झाडाचे फळसुद्धा दातांनी उच्चारतात. ‘च’ची तऱ्हाही अशीच. ‘चार’ या संख्येतला ‘च’ वेगळा आणि गुरांच्या ‘चारा’तला वेगळा, पण पहिला अधिक नाजूक वाटल्यामुळे ‘चांगले’ला ‘च्यांगले’ म्हणणारे लोक शहरात भेटतात. त्यांना कोणी हसल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

आमच्याकडून आणखी एक चूक होते आणि तिचे मला सर्वांत वाईट वाटते. आम्ही पुस्तकातल्यासारखे बोलू लागतो. घरी आम्ही ‘काम झालं’, ‘बरं वाटलं’ म्हणतो. वसतिगृहात आल्यावर मला वाटले की हे खेडवळ आहे. पुस्तकात तर ‘झाले’, ‘वाटले’ असते. म्हणून वर्षभर मी ‘माझे जेवण झाले आहे’, ‘मला बरे वाटले’ असे छापील बोलत राहिलो. पुढे शिबिरासाठी पुण्याला गेलो तेव्हा पाहतो तो तिथली मंडळी खुशाल ‘झालं’, ‘वाटलं’ म्हणत आहेत! मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, त्यांतही बोलण्यातील असे रूप लिहून दाखवायचे तर अनुस्वार देऊन लिहावे अशी सोय आहे. म्हणजे आमच्या घरातले ‘झालं’ पहिल्यापासून बरोबर होते. ते मी हाताने बाहेर टाकले आणि त्याबद्दल मला कोणी शिक्षाही केली नव्हती.

हा रोग एकट्या मराठीचा नाही, हे वाचून मला फार धीर आला. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये कॅटलस नावाचा कवी होऊन गेला. त्याने एरियस नावाच्या एका माणसाची आपल्या कवितेत रेवडी उडवली आहे. त्या काळी सामान्य लोकांच्या लॅटिन बोलण्यातून ‘ह’ गळून जात असे आणि वरच्या वर्गातले लोक तो उच्चारीत. तेव्हा हा एरियस जिथे मुळात ‘ह’ नाही तिथेही जोर देऊन ‘ह’ घालू लागला. एरियसच्या जागी मी स्वतःला सहज पाहू शकतो. पण त्या कवितेतली एक गोष्ट मला खटकली. कवी एरियसवर थांबत नाही. याची आई, मामा, आजोळचे आजी-आजोबा असेच बोलत असतील, असा टोमणा तो मारतो. चूक पोराची आणि हसू आईपर्यंत.

अलीकडच्या काळात अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी न्यूयॉर्क शहरातील लोकांच्या इंग्रजी बोलण्याचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. शब्दातील स्वरानंतरचा ‘र’ स्पष्ट उच्चारणे तिथे प्रतिष्ठेचे मानले जाऊ लागले होते. सहज बोलताना वरचा वर्ग हा ‘र’ अधिक उच्चारी, खालचा कमी. यात नवल नाही. परंतु जेव्हा लोकांना शब्दांच्या याद्या मोठ्याने वाचायला दिल्या, म्हणजे उच्चाराकडे लक्ष देणे भागच पडले, तेव्हा कनिष्ठ मध्यमवर्गाने ‘र’च्या बाबतीत वरच्या वर्गालाही मागे टाकले. ज्यांचा एक पाय पायरीवर आणि एक खाली, त्यांनाच पायरीची धास्ती जास्त. यातून दिसते ते असे की अतिशुद्धी हे अज्ञानाचे लक्षण नाही. अज्ञानी माणूस नियमच वापरीत नाही, मग तो तो हद्दीबाहेर नेणार कसा? ‘अभिणंदण’ म्हणणारा मुलगा नियम शिकला आहे, तो लागू करतो आहे आणि मनातून घाबरलेला आहे.

आता मी थोडा धीट होऊन जे लिहिणार आहे त्याबद्दल प्राध्यापकवर्गाने रागावू नये. अतिशुद्धी आमच्यासारख्यांच्या तोंडातच असते असे नाही. ती गुळगुळीत कागदावर छापलेलीही सापडते. कोणत्याही समारंभाची निमंत्रणपत्रिका काढून पाहावी. तिच्यावर बहुधा ‘दीपप्रज्ज्वलन’ असते. ‘उज्ज्वल’ या शब्दात ‘ज’ दोनदा येतो, कारण तो उत् आणि ज्वल यांचा संधी आहे. ‘उत्’मधील ‘त्’चा ‘ज्’ झाला. ‘प्रज्वलन’मध्ये आहे नुसता ‘प्र’. तिथे दुसरा ‘ज’ येणार कोठून? पण ‘उज्वल’ चूक आहे हे कोणीतरी कधीतरी बजावलेले असते, आणि मग जिथे ज्योत दिसेल तिथे दोन ‘ज’ घातले जातात. माझ्या ‘जिथे शंका तिथे ण’ यापेक्षा हे काय निराळे आहे?

‘महत्त्व’चेही तसेच. महत् अधिक त्व, म्हणून दोन ‘त’. तत्त्व, सत्त्व यांतही दोन. हे कष्टाने पाठ केलेला माणूस मग ‘नेतृत्त्व’, ‘अस्तित्त्व’, ‘मातृत्त्व’ लिहू लागतो. नेतृ, अस्ति, मातृ या शब्दांच्या शेवटी ‘त्’ नाही, म्हणून त्यांना एकच पुरतो. ‘व्यक्तित्व’ला एक आणि ‘व्यक्तिमत्त्व’ला मात्र दोन, कारण तो व्यक्तिमत् पासून झाला, इथे भले भले अडखळतात. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या तालुक्याच्या चौकात आनंदाचा फलक लागला होता. त्यावर मराठीच्या ‘अस्तित्त्वाचा’ अभिमान व्यक्त केला होता. फलक आठ दिवस होता. खाली उभे राहून सगळ्यांनी छायाचित्रे काढून घेतली, मीही काढले.

अशी उदाहरणे शोधू लागलो तर वही भरून जाते. लक्ष अधिक अधीश म्हणून लक्षाधीश. त्याच्या जोडीला ‘कोट्याधीश’ करतात, पण कोटि अधिक अधीश याचे कोट्यधीशच होणार. मनोरथ आणि मनोहर यांच्या पाठोपाठ ‘मनोकामना’ चालू झाली. संस्कृतच्या नियमाने ती मनःकामना. शस्त्र, वस्त्र यांच्या संगतीने ‘सहस्र’चे ‘सहस्त्र’ आणि ‘स्रोत’चा ‘स्त्रोत’ झाला. सौजन्य म्हणजेच सुजनपणा, तरी त्याला आणखी एक प्रत्यय लावून ‘सौजन्यता’ म्हटले की ती अधिक भारदस्त वाटते. कमानीवरचे ‘सुस्वागतम्’ तर सर्वांच्या परिचयाचे. स्वागत या शब्दातच सु आहे, सु अधिक आगत. त्याला पुढून आणखी एक ‘सु’ जोडणे म्हणजे पाहुण्याला टोपीवर टोपी घालणे आहे.

यांतले काही शब्द आता इतके रूढ झाले आहेत की त्यांना चूक म्हणणाराच हट्टी ठरेल, आणि भाषा रूढीने चालते हे मलाही मान्य आहे. ‘मनोकामना’ राहू द्यावी. माझे म्हणणे एवढेच की ‘दीपप्रज्ज्वलन’ आणि ‘अभिणंदण’ या एकाच मनोवृत्तीच्या दोन लेकी आहेत; एकीला समारंभात पहिल्या रांगेत बसवतात आणि दुसरी आली की मागचे बाक हसतात. आपण शब्दाला हसतो असे आपल्याला वाटते, पण शब्दाच्या आड कोण उभे आहे ते आपल्या कानांना आधी कळलेले असते. हसणाऱ्यांत मी नव्हतो असे मात्र मला म्हणता येणार नाही. ते आता सांगतो.

शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला गेल्या जूनमध्ये मी आणि आई एका कार्यालयात गेलो होतो. (घरी मी तिला माय म्हणतो. इथे ‘आई’ लिहून गेलो, तीही अतिशुद्धीच म्हणायची.) माय चौथी शिकलेली. खिडकीपाशी आमचा नंबर आला तेव्हा तिने पदर सावरला आणि एरवी जसे बोलते तसे न बोलता, सावकाश, एकेक शब्द जपून उच्चारीत म्हणाली, ‘णमस्कार सायेब. माझ्या मुलाचं णाव लिहायचं हाय.’ खिडकीतल्या माणसाने शेजारच्याकडे पाहिले आणि ‘णाव सांगा, णाव,’ असे म्हणून दोघे हसले. माय गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. आपले काय चुकले हे तिला कळले नव्हते. मला कळले होते, आणि मी हळूच, पण तिला ऐकू जाईल असे म्हणालो, ‘माय, तू गप बस. मी बोलतो.’ दाखला मिळाला. परतीच्या एसटीत ती सबंध वाटभर बोलली नाही.

‘ण’ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही, हे कोणत्याही कोशात पाहता येते. म्हणून ‘णमस्कार’ अधिकच विचित्र वाटतो. पण जैनांचा जो प्राकृतातला मंत्र आहे त्याला ‘णमोकार’ म्हणतात, हे मला या लेखासाठी वाचताना कळले. आपली मराठी ज्या महाराष्ट्री प्राकृतातून आली असे मानतात, त्या भाषेतल्या गाथासप्तशतीतही शब्दाच्या आरंभी ‘ण’ येतो. ‘नाही’ या अर्थाचा ‘न’सुद्धा तिथे ‘ण’ असाच लिहिलेला सापडतो. मायने तो ‘ण’ तिथून जपून आणलेला नाही, हे मला समजते. तिचा ‘ण’ भीतीतून आलेला आहे आणि तिचा ‘न’ही संस्कृतातून थेट आलेला नसून मागाहून आमच्या बोलीत झालेला आहे. उगाच खोटा मोठेपणा देण्यात अर्थ नाही. पण खिडकीपलीकडच्या दोघांना जे हसण्याजोगे वाटले ते एके काळी याच प्रदेशात राजसभेत म्हणून दाखवले जात असेल, हे मनात आले की मला त्या दिवशीचे माझे वाक्य आठवते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा संध्याकाळी ओट्यावर बसून मी मायला हे सगळे सांगितले. पानीय याचे पाणी कसे झाले, पर्ण याचे पान कसे झाले, जुन्या काळी लोक ‘णमो’ म्हणत असत, हेही सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, ‘म्हंजी आधी न व्हता, त्याचा लोकांनी ण केला?’

‘हो.’

‘मंग तव्हा कोनी हासलं न्हाई त्यायला?’

मी सांगू लागलो की त्याची नोंद कुठे नाही. तोवर ती उठली होती. म्हशीला पानी दाखवायचं ऱ्हायलंय, म्हणाली.